उलटं धरून तीन झटके

रिव्हॉल्व्हरचं कव्हर करून घ्यायला आलेल्या माणसाला मी आधी बाहेरच्या ओट्यावर थांबवतो. हत्यार तिथेच रिकामं करून दाखवायचं, गोळ्या स्वतःच्या खिशात ठेवायच्या, मग आत यायचं. आत आल्यावरही हत्यार त्याच्याच हातात राहतं. मी किंवा माझी बायको त्याला हात लावत नाही, आणि तासाभरासाठीही ते आमच्या घरी ठेवून घेत नाही. परवाना त्याच्या नावाचा असतो, आमच्या नाही. सतरा वर्षांत हा नियम मी एकदाही मोडलेला नाही. ज्या चुकीबद्दल लिहितो आहे ती या नियमाच्या आडूनच झाली.

आमचं घर यवतमाळला, लोहाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत. वडील टांग्याच्या घोड्यांचं सामान शिवायचे. टांगे गेले आणि त्यांचा हात कमरेच्या पट्ट्यांवर आला. मी पट्ट्यांबरोबर कव्हरं सुरू केली. वर्षाला दोनशेच्या आसपास पट्टे होतात, कव्हरं दोन, कधी एकच. घेणारे बहुतेक फौजेतून परतलेले, नाहीतर कुठे पहाऱ्याच्या नोकरीवर असलेले.

हत्यार ठेवून घ्यायचं नाही, तर कातडं त्यावर बसवायचं कसं? त्यासाठी मी लाकडी ठोकळा करतो. मालक हत्यार धरून टेबलापाशी बसतो आणि मी व्हर्नियर लावून मापं घेतो. नळीची लांबी, नळीची जाडी तीन ठिकाणी, चक्राची रुंदी, मुठीचा कोन, अशी बावीस मापं. ती वहीत उतरली की सागाच्या वाळक्या तुकड्यातून तसंच्या तसं रिव्हॉल्व्हर कोरतो. शिवलेलं कव्हर ओलं करून या ठोकळ्यावर बोटांनी आणि हाडाच्या पट्टीने दाबत बसवायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. वाळल्यावर कातडं तो आकार सोडत नाही. असे तीस ठोकळे तेव्हा भिंतीवर खिळ्यांना टांगलेले होते, प्रत्येकावर खडूने नंबर. एकदा विजेचं मीटर बघायला आलेला माणूस दारातून आत डोकावला, भिंतीकडे पाहिलं आणि रीडिंग न घेताच निघून गेला. त्या महिन्याचं बिल अंदाजाने आलं.

कापणं आणि शिवणं माझं, नक्षी बायकोची. तिचा हात मूळचा मेंदीचा. ईदच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या पोरी अजूनही तिच्यापुढे हात पसरून बसतात. तोच हात कातड्यावर चालतो, फक्त मेंदीच्या कोनाऐवजी चाकू असतो. कातडं बाभळीच्या सालीत कमावलेलं लागतं. दुसरं कातडं दाबलं तर परत फुगतं, त्यावर नक्षी धरत नाही. ती ओल्या फडक्याने ते भिजवते, मग थांबते. किती वेळ थांबायचं हे मी एकदा घड्याळ लावून लिहून काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही. ती कातड्याचा तुकडा गालाला लावून पाहते. रंग परत आलेला आणि गालाला गार लागणारा, म्हणजे तयार. मग चाकूने रेघ मारायची आणि रेघेची एक बाजू ठशाने ठोकून खाली बसवायची. उरलेली बाजू वर उठून दिसते. प्रत्यक्षात काहीच वर आलेलं नसतं, साडेतीन मिलिमीटरचं कातडं तेवढंच राहतं.

माझं काम मोजता येणारं आहे. इंचाला सहा टाके, एका दोऱ्याला दोन सुया, प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया दोन्हीकडून. तेरा इंच शिवणीला अठ्ठ्याहत्तर टाके आणि शिवणीच्या चौपट मेणकट दोरा, वर टोकांसाठी हातभर.

कव्हर तयार झालं की त्यात लाकडी ठोकळा घालायचा, टिचबटण उघडंच ठेवायचं, कव्हर उलटं धरायचं आणि तीन झटके द्यायचे. ठोकळा जागचा हलला तर कव्हर देत नाही. पहिल्या वर्षी ही परीक्षा नव्हती. तेव्हा एका गिऱ्हाइकाला ओढायला सोपं म्हणून मी सैल कव्हर करून दिलं आणि तो विहिरीवर पंप बघायला वाकला तेव्हा हत्यार सरळ विहिरीत गेलं. त्याने ते गळ टाकून काढलं, पण ते येऊन मला सांगताना त्याचा आवाज जसा होता तो मी विसरलो नाही. तो वाकला तेव्हा त्याचा चार वर्षांचा नातू त्याच्या मागेच उभा होता.

*

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक हवालदार आले. फौजेतून दोन वर्षांपूर्वी परतलेले, वय बावन्न, बोरी अरबच्या पुढे त्यांचा तांडा. सकाळच्या एसटीने उतरून चालत आले होते. ओट्यावर हत्यार रिकामं केलं, चक्र उघडून मला दाखवलं. या बाबतीत फौजी माणसाला काही सांगावं लागत नाही.

त्यांना एका कारखान्याच्या मालकांबरोबर गाडीत राहायची नोकरी मिळण्यासारखी होती. स्वतःचं परवान्याचं हत्यार हवं, कव्हर आणि पट्टा हवा, आणि पंचवीस दिवसांनी कारखान्याचा सुरक्षा अधिकारी तिघांना बोलावून पाहणार होता. तिघांपैकी एक ठेवणार.

त्यांनी पिशवीतून कापडात गुंडाळलेली एक लहान बटव्यासारखी वस्तू काढली. लाल कापडावर पांढऱ्या-पिवळ्या दोऱ्याचा कशिदा, चौकटीत चौकटी, कडेला कवड्या.

"ही आमच्या याडीच्या हातची," ते म्हणाले. याडी म्हणजे आई. "नक्षी अशी पाह्यजे भाई. फूल-पत्ती नको मले."

बायकोने बटवा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "फूल-पत्ती नको तं माह्यं कामच काय मंग? हे सारं गणित आहे. अजी, हे तुमीच कोरा."

"मले कोरता आलं असतं तं तुले इचारलं असतं काय?"

"पाहा साहेब," ती हवालदारांना म्हणाली, "वीस वर्षांत पह्यल्यांदा खरं बोलले."

हवालदार हसले. मग टेबलापाशी बसले आणि मी मापं घ्यायला लागलो. त्या दिवशी मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, एक तास दहा मिनिटं. हत्यार धरायची त्यांची पद्धत अशी होती की माझ्या खिडकीचा उजेड मुठीवर येत नव्हता, आणि प्रत्येक मापाला मला टेबलाला वळसा घालून पलीकडे जावं लागत होतं. मी मनात थोडा वैतागलो. बावीस मापं लिहिली, प्रत्येक दोनदा तपासलं, खाली तारीख घातली. कमरेचं माप घेतलं, पट्ट्याची पाच छिद्रं ठरवली. नंबर एकतीस.

नक्षीला सहा दिवस लागले. बायको कुरकुरत होती, पण दुसऱ्या दिवसापासून तिने कातड्यावर पेन्सिलीने बारीक चौकडी आखून घेतली आणि बटव्यावरचे टाके मोजून चौकटी बसवायला लागली. "तुमच्या वहीसारखं झालं हे," म्हणाली. चौकटीत चौकट, तिच्या पोटात ठिपका. तिच्या वेलींपेक्षा मला ती नक्षी आवडली. तसं मी बोलून दाखवलं नाही.

तेराव्या दिवशी हवालदार आले. मी त्यांच्यासमोर कव्हर उलटं धरून तीन झटके दिले. ठोकळा हलला नाही. मग त्यांनी पट्टा बांधला, स्वतःचं रिकामं हत्यार आत घातलं, ते बरोबर बसलं. कातड्यातून चक्राचा गोल दिसत होता. ते ओट्यावर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि उजव्या हाताने ओढलं.

आलं नाही.

"नवं आहे, पह्यले घट्ट वाटते," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा ओढलं. मूठ हातातून सरकली. तिसऱ्यांदा डावा हात आडवा नेऊन हत्यार काढलं आणि आत येऊन बसले.

"भाई, थोडं ढिलं करून द्या ना."

"किती ढिलं?"

"आपोआप निघंल एवढं."

"आपोआप निघंल तं आपोआप पडंल बी," मी म्हणालो, आणि त्यांना विहिरीची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की गोष्ट पटली आहे आणि तरीही त्यांना कव्हर सैलच हवं आहे.

बायको चहा घेऊन आली. त्यांनी कप घेतला, आणि तिने ट्रे खाली ठेवता ठेवताच विचारलं, "साहेब, उजव्या हाताले काय झालं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तुमाले कसं समजलं भाभी?"

"मेंदीचं काम आहे माह्यं. लोकाईचे हातच पाहा लागते. अंगठ्याखालची गादी बसली तुमची."

मग त्यांनी सांगितलं. मानेतली नस दबली होती. दीड वर्ष झालं. वजन उचलता येतं, पोतं उचलतात, पण अंगठ्यात आणि चिमटीत जोर नाही. कुलपाची चावी फिरत नाही. औषध झालं, व्यायाम झाला, डॉक्टर म्हणाले आता जेवढं आहे तेवढं. घरी बायकोला माहीत, बाकी कोणाला नाही.

"पेन्शन आहे," ते म्हणाले. "वावर भाऊ पाह्यते, मी गेलो तं तो म्हणते, दादा तुमी बसा. सारेच म्हणते बसा. दोन वर्षं झाले, मी बसूनच आहो. सकाळी उठून जायले जागा पाह्यजे भाई माणसाले."

मी वही उघडली. नंबर एकतीसच्या पानावर बावीस आकडे होते, दशांशापर्यंत. त्या दिवशी उजेड मुठीवर का येत नव्हता आणि मी टेबलाला वळसे का घालत होतो, ते मला आत्ता कळलं. तासभर ते हत्यार डाव्या हातात धरून बसले होते. मी त्या हाताच्या चार इंचांवर डोळे लावून मापं घेतली आणि हात कोणता आहे हे लिहिलं नाही. हत्याराला आम्ही हात लावायचा नाही या नियमाचं मला इतकं कौतुक होतं, की हत्यार ज्याच्या हातात आहे त्या हाताकडे पाहायचं सतरा वर्षांत सुचलंच नाही. तीस गिऱ्हाइकांचे हात ठीक होते म्हणून निभावलं.

तसं मी त्यांना सरळ सांगितलं. "चूक माह्यी आहे. पण ढिलं करणार नाही."

"मंग?"

"डाव्यानं ओढून पाहा."

हे कव्हर उजव्या बाजूचं. मी ते सुतळीने त्यांच्या डाव्या कमरेला बांधलं, नक्षी अंगाकडे आणि पाठ बाहेर, म्हणजे मूठ डाव्या हाताला बरोबर येईल. आत लाकडी ठोकळा घातला. वीस वेळा ओढायला लावलं. वीसपैकी वीस वेळा आला. मग पुन्हा उजवीकडे बांधून उजव्या हाताने वीस वेळा. तीन वेळा आला. मी दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि वही त्यांच्यापुढे सरकवली.

"डाव्यानं सारंच करतो मी आता," ते वहीकडे बघत म्हणाले. "दाढी बी. पण डावीकडे कव्हर पाह्यलं का तो अधिकारी पह्यलेच इचारंन, काहून म्हणून."

"इचारू द्या."

"सांगतलं तं गेलं काम."

"अन् नाही सांगतलं," बायको मध्येच म्हणाली, "अन् त्यानं म्हटलं उजव्यानं काढून दाखवा, तं काम राह्यते काय?"

त्यांनी चहा संपवला, कप नीट बशीत ठेवला, हत्यार पिशवीत घातलं. विचार करून कळवतो म्हणाले आणि बस गाठायला गेले. कव्हर आमच्याकडेच राहिलं. ते गेल्यावर बायको बराच वेळ बटव्यावरच्या कवड्या पुसत बसली. बटवाही ते विसरून गेले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "डाव्याचं बनवा," एवढंच म्हणाले.

दहा दिवस उरले होते. उलटून शिवता येत नाही, नक्षीची बाजू बदलते, म्हणून पुढचं कातडं नव्याने कापलं. या वेळी बायकोचं कोरणं चार दिवसांत झालं, चौकडी आधीच आखलेली होती. मी एका दिवसात शिवलं. ठोकळ्यावर बसवून वाळायला दोन दिवस. टिचबटण डाव्या अंगठ्याने उघडेल असं फिरवून लावलं, आणि ते लावायच्या आधी त्यांना बोलावून अंगठा नेमका कुठे टेकतो तिथे खूण केली. उलटं धरून तीन झटके दिले. ते परीक्षेच्या दोन दिवस आधी येऊन घेऊन गेले. बटवाही नेला.

*

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ते न सांगताच दारात उभे राहिले. हत्यार आणलं नव्हतं, फक्त पट्टा आणि कव्हर पिशवीत. खिशातून त्यांनी गाठी मारलेली एक दोरी काढून टेबलावर ठेवली.

"हे काय?" मी विचारलं.

"माप आहे. सांगतो."

ते सांगत गेले तसं आम्ही ऐकत राहिलो. अधिकारीही फौजेतलाच. ओळीत उभं केल्यावर त्याने पहिला प्रश्न तोच विचारला, कव्हर डावीकडे का. यांनी सांगितलं, साहेब, उजव्या अंगठ्यात जोर नाही, डाव्याने काढतो. अधिकाऱ्याने मान वर न करता कागदावर काहीतरी लिहिलं. यांना वाटलं, संपलं. पण त्याने कोणालाच उभ्याने ओढून दाखवायला सांगितलं नाही. तिघांना एकेक करून गाडीत बसवलं, चालकाच्या शेजारच्या सीटवर, सीटबेल्ट लावून. आणि म्हणाला, आता काढा.

"त्या सीटवर बेल्टची बक्कल उजव्या कमरेले येते," हवालदार म्हणाले. "बाकी दोघाईचे कव्हर उजवीकडे. एकाचा हात बक्कलीत अटकला. दुसऱ्यानं पह्यले बेल्ट सोडला, मंग काढलं. तोवर तं मालक गेला असता."

"अन् तुमचं?" बायकोने विचारलं.

"माह्यं निघालं. पण कोपर दरवाज्याले लागलं. दोन खेपा काढलं, दोन्ही खेपा लागलं." त्यांनी कोपर दाखवलं, खरचटलं होतं. "साहेब म्हणे, मूठ पुढं झुकवून आण अन् सोमवारी परत बसून दाखव. कोपर लागलं तं दुसरा पाह्यतो म्हणे. त्यानं गाडी पाह्यू देली, तवा मी दोरी लावून घेतली."

दोरीवर चार गाठी होत्या, प्रत्येक माप दोरीच्या टोकापासून गाठीपर्यंत. पहिली गाठ सीटच्या कडेपासून दारापर्यंत, दुसरी सीटच्या उंचीची, तिसरी पाठीपासून दाराच्या हँडलपर्यंत, चौथी हँडल जमिनीपासून किती वर. मी त्या मोजून वहीत लिहिल्या. पहिली सव्वासहा इंच. त्यांच्या गाठी मोठ्या होत्या, म्हणून प्रत्येक माप गाठीच्या आतल्या कडेपर्यंत धरायचं की बाहेरच्या, हे मी विचारलं. ते म्हणाले, आतल्या. मला बरं वाटलं. त्यांनीही हा विचार केला होता.

मग आम्ही ओट्यावर गाडी केली. लोखंडी खुर्चीखाली दोन विटा सरकवून सीटची उंची जुळवली. कपाटाचं निघालेलं एक दार खुर्चीपासून सव्वासहा इंचांवर भिंतीला टेकवून उभं केलं, हँडलच्या उंचीला त्यावर एक लाकडी पट्टी ठोकली. सीटबेल्ट म्हणून बायकोची जुनी ओढणी.

"गाडी निघाली," ती म्हणाली. "अजी, चालक कोठी आहे? तुमी बसा इकडे."

"मले माप घ्यायचं आहे."

"मंग बिनचालकाची चालली."

शेजारच्या म्हाताऱ्या चाचीने भिंतीवरून पाहिलं, ओढणीने खुर्चीला बांधलेले हवालदार पाहिले आणि काही न विचारता आत गेली.

कव्हराच्या पाठीला पट्टा ओवायची पट्टी असते. ती बत्तीस टाक्यांनी शिवलेली. तीच तिरकी शिवली की मूठ झुकते. आधी न उसवता, कव्हर नुसतं पट्ट्यावर बांधून वेगवेगळ्या कोनांत धरून पाहिलं. दहा अंशांवर कोपर हँडलच्या लाकडी पट्टीला घासलं. पंधरावर फक्त बाही लागली. अठरावर काही लागलं नाही. वीसवर मनगट मुडपायला लागलं. मी अठरा लिहिलं, कातड्यावर खूण केली आणि बत्तीस टाके उसवले. हवालदार बाजूला बसून पाहत होते.

"जुने छिद्र दिसतीन काय?" त्यांनी विचारलं.

"पाठीला आहे. तुमच्या अंगाकडे. तुमालेच माहीत राहीन."

शिवायला पाऊण तास लागला. ठोकळा आत घातला, उलटं धरून तीन झटके दिले. मग ते पुन्हा खुर्चीत बसले, ओढणी बांधली आणि ओढलं. पहिल्या वेळी कोपर दाराच्या इतकं जवळून गेलं की मी मधे बोट घालून पाहिलं. एक बोट जात होतं. पंचवीस वेळा ओढायला लावलं. एकदाही लागलं नाही. सव्विसाव्या वेळी त्यांनी आपणहून ओढलं, डोळे मिटून.

सोमवारी दुपारी मी एका पट्ट्याची छिद्रं पाडत होतो तेव्हा फोन वाजला. बायकोने उचलला, ऐकलं आणि माझ्याकडे दिला.

"भाई, मंगळवारपासून ये म्हणे. तीन महिने पाह्यतो म्हणे, मंग पक्कं."

"चांगलं झालं."

"एक इचारायचं होतं. पावसात भिजलं तं काय करू?"

मी सांगितलं की उन्हात किंवा चुलीजवळ वाळवायचं नाही, सावलीतच. तेल महिन्यातून एकदा, बोटावर येईल तेवढंच. आणि घरी आल्यावर हत्यार काढून वेगळं ठेवायचं, कव्हरात ठेवायचं नाही. कातडं ओल धरतं, लोखंडाला गंज चढतो.

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. फोन कटला की काय म्हणून मी हॅलो हॅलो केलं.

"आहो, आहो," ते म्हणाले. "हळू सांगा भाई. लिहून राह्यलो. डाव्यानं अजून टाइम लागते."

मी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, एकेक वाक्य थांबून.